कूलंटचा रंग कोणता?

गेल्या मे महिन्यातला शनिवार. सकाळी साडेसहाला मी सासूबाईंना घेऊन मुरूडहून अलिबागला निघाले. अम्मींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. शनिवारची पाळी माझी, कारण त्या दिवशी मी रजा टाकते किंवा शाळा सकाळची असली तर तास बदलून घेते. मुरूड ते अलिबाग पन्नासेक किलोमीटर. नांदगाव सोडलं की काशीदकडे जाणारा वळणावळणाचा चढ लागतो. त्या चढावर माझ्या गाडीचा लाल दिवा लागला.

आमची गाडी छोटी आहे, दहा वर्षांची, सेकंड हॅण्ड. तिच्यात तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा आणि जास्त तापलं की लाल, एवढंच. लाल दिवा मी त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. आधी एसी बंद केला, थोडं पुढे सावली बघून गाडी थांबवली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. एक भला मुलगा मोटारसायकल थांबवून आला. म्हणाला, "ताई, पाणी संपलंय. झाकण उघडतो, बाटली द्या." त्याने रुमाल हाताला गुंडाळला. तेवढ्यात मागच्या सीटवरून अम्मी ओरडल्या, "हात लावू नको रे बाळा, तोंड भाजेल!"

अम्मींचे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. फियाट. लहानपणी मे महिन्यात त्याच गाडीतून त्या गावी यायच्या. घाट चढून आलं की बाजूला थांबायचं, अर्धा तास कुणी झाकणाला हात लावायचा नाही, मग पाणी घालायचं. हे त्यांना पाठ होतं. त्या शाळेत चौथीपर्यंत गेल्या. मी एमए, बीएड. पण त्या सकाळी ज्याची गरज होती ती गोष्ट त्यांना माहीत होती, मला नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. आम्ही गाडी तिथेच सोडली. एका ओळखीच्या मिनिडोरवाल्याने रेवदंड्यापर्यंत आणलं, तिथून दुसऱ्या गाडीने अलिबाग. अम्मींच्या मशीनची वेळ गेली होती. तिथल्या सिस्टरने सांभाळून घेतलं, पण चार तासांऐवजी अडीच तासच मिळाले. पुढचे तीन दिवस अम्मींच्या पायावरची सूज आणि त्यांचा श्वास बघत मी काढले. गाडीच्या दुरुस्तीला साडेसात हजार गेले. ते जाऊ द्या. पण ते अडीच तास मात्र मनातून जात नाहीत, कारण चूक गाडीची नव्हती. चूक माझी होती आणि ती मी टप्प्याटप्प्याने, तीन माणसांचं ऐकून केली होती.

पहिला सल्ला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेकॅनिकचा. दोन वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या टाकीतली पातळी कमी दिसली म्हणून मी गाडी दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, पाणी टाका. कूलंट थंड मुलखात लागतं, आपल्याकडे काय बर्फ पडतो?" मला पटलं. घरच्या विहिरीचं पाणी होतंच.

दुसरा सल्ला यांचा. माझे मिस्टर दोह्याला असतात. आमच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांसारखंच आमचं घर आहे. पुरुष तिकडे, गाडी इकडे आणि स्टिअरिंगवर बाई. फोनवर म्हणाले, "पाणी नको घालू. इथे सगळे लाल कूलंट टाकतात, पन्नास डिग्रीत गाड्या चालतात. लालच घे."

तिसरा सल्ला दुकानदाराचा. मी स्पेअर पार्टच्या दुकानात लाल कूलंट मागायला गेले. दुकानदार ओळखीचा, त्याची पुतणी माझ्याकडे मराठीच्या शिकवणीला यायची. लाल संपलं होतं. त्याने हिरवा डबा पुढे केला आणि हसून म्हणाला, "मॅडम, हा घ्या. तुमचाच रंग आहे की!" मीही हसले. त्यात विखार नव्हता. रोजच्या जगण्यात अशा पुष्कळ गोष्टी आपण हसून घेतो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिथून लवकर निघायचं होतं. डब्यावर काय लिहिलंय ते न वाचता मी पैसे दिले. मुलांना रोज सांगते, प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी स्वतः डबा एकदाही वाचला नाही.

एकाने पाणी सांगितलं, एकाने लाल, एकाने हिरवं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय हे आम्हा चौघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या मालकाच्या विम्याच्या कागदांखाली पडून होतं.

गाडी उघडली तेव्हा रेडिएटरमधून जे बाहेर आलं ते ना हिरवं होतं ना लाल. गढूळ, चहासारखं तांबूस, तळाला चिखल. कंपनीने मुळात घातलेलं नारिंगी कूलंट, त्यावर हिरवं, त्यावर दोन उन्हाळ्यांचं विहिरीचं पाणी. वॉटर पंपाच्या सीलमधून थेंब थेंब गळत होतं, म्हणून पातळी उतरायची आणि मी भरत राहायची. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातली पातळी सारखी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. भरत राहणं हे त्यावरचं उत्तर नव्हे. हे मला साडेसात हजारांनंतर कळलं.

त्यानंतर मी बसून वाचलं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना छळलं. जे समजलं ते इथे मांडते, कारण हे मराठीत साध्या शब्दांत सांगणारं मला फारसं सापडलं नाही.

पेट्रोल पेट घेतं तेव्हा सिलिंडरच्या आत क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापमान जातं. ज्या अ‍ॅल्युमिनियमची आजची इंजिनं असतात ते ६६० अंशांना वितळतं. तरी इंजिन वितळत नाही, कारण त्याच्या भिंतींतून सतत द्रव फिरत असतो आणि उष्णता उचलून पुढच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याला देत असतो. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा असा नुसता बाहेर टाकावा लागतो. हा द्रव म्हणजे कूलंट.

उष्णता उचलण्यात पाण्याचा हात धरणारं दुसरं फारसं काही नाही. दहावीच्या विज्ञानात मुलं विशिष्ट उष्माधारकता शिकतात, ती हीच गोष्ट. म्हणजे आमचा मेकॅनिक पाव भाग बरोबर होता. पण पाण्यात दोन खोडी आहेत. ते १०० अंशांना उकळतं आणि धातूला गंजवतं. म्हणून त्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मुरूडला त्याचा उपयोग शून्य. पण तेच मिश्रण साध्या हवेच्या दाबाखाली १०६-१०७ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण आत साधारण एक वातावरणाचा जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली नुसतं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि हे मिश्रण १२८-१३० च्या आसपास. चढावर, एसी लावून, मे महिन्यात हे आठ-दहा अंश आपल्या उपयोगाचे असतात. "आपल्याकडे बर्फ पडत नाही" हे म्हणणं खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

झाकण गरम असताना का उघडायचं नाही हेही यातच आलं. दाब होता म्हणून ११० अंशांचं पाणी उकळत नव्हतं. झाकण फिरवलं, दाब गेला की ते सगळं एका क्षणात उकळून वर उसळतं. अम्मींना दाबाचं गणित माहीत नव्हतं, भाजलेला ड्रायव्हर माहीत होता.

कूलंट रसायन म्हणून काही परकं नाही. १८५० च्या दशकात वुर्त्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ग्लायकॉल प्रथम तयार केलं. थंड देशांत सुरुवातीला लोक रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालत, ते उडून जाई. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्लायकॉल बाजारात आलं आणि टिकलं. ते इथिलीन वायूपासून बनतं. इथिलीन आपल्या नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात तयार होतं. अलिबाग-मुरूडच्या माणसाला नागोठणे म्हणजे एसटी बदलायचं ठिकाण. या द्रवाचा कच्चा माल आपल्या जिल्ह्यातच बनतो हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आता रंगाकडे येऊ. डब्यातला खरा फरक ग्लायकॉलचा नसतो. फरक असतो तो गंज रोखणाऱ्या रसायनांचा. त्यांची ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिलं जुनं घराणं, अकार्बनी रसायनांचं. यात सिलिकेट, फॉस्फेट असे क्षार असतात. ते धातूवर लवकर थर धरतात, पण लवकर संपतात. दोन वर्षांत किंवा चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला बदलावं लागतं. पूर्वी हे बहुधा हिरवं असायचं.

दुसरं सेंद्रिय आम्लांचं घराणं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या प्रमाणावर आलं. हे सगळ्या भिंतीवर थर चढवत नाही, जिथे गंज सुरू होतो तिथे काम करतं. म्हणून पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. हे नारिंगी, लाल, गुलाबी अशा रंगांत येऊ लागलं.

तिसरं मिश्र घराणं. सेंद्रिय आम्लं आणि थोडे क्षार. यातही दोन शाखा आहेत. जपानी आणि कोरियन गाड्यांना बहुधा फॉस्फेटवालं चालतं, सिलिकेट नको असतं. युरोपीय कंपन्या उलट, सिलिकेट घेतात आणि फॉस्फेट टाळतात. युरोपातलं बरंचसं पाणी जड आहे आणि जड पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो, हे त्याचं एक मोठं कारण.

आणि रंग? तो नुसता डाय आहे. ग्लायकॉल स्वतः पाण्यासारखं रंगहीन असतं. गळती दिसावी, चुकून कुणी पाणी समजू नये, आपला माल ओळखू यावा, म्हणून कंपन्या रंग घालतात. कोणत्या रसायनाला कोणता रंग याचं जगात कुठेही बंधनकारक मानक नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या घराण्याचं असतं, दुसरीचं हिरवं सेंद्रिय असतं. एकीचं निळं आणि दुसरीचं गुलाबी आतून जवळजवळ सारखं असू शकतं. दोह्यातल्या लोकांच्या गाड्या लाल रंगामुळे चालत नाहीत. त्यांच्या गाडीला जे लागतं ते त्या डब्यात होतं आणि योगायोगाने तो डबा लाल होता.

दोन घराणी मिसळली की दर वेळी अनर्थ होतोच असं नाही. बहुतेकदा इतकंच होतं की पाच वर्षं टिकणाऱ्याचं आयुष्य दोन वर्षांवर येतं आणि आपल्याला कळत नाही. पण कधीकधी रसायनं एकमेकांत फुटून साका धरतात, जेलीसारखं काहीतरी होतं आणि रेडिएटरच्या केसाएवढ्या वाटा तुंबतात. त्यात जड पाणी असलं की काम आणखी लवकर होतं.

पाणी हा आपल्या किनाऱ्याचा खास प्रश्न आहे. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं, डाळ शिजायला वेळ घेतं. म्हणजे त्यात कॅल्शियमही आहे आणि मीठही. कॅल्शियमचे खपले आतून बसतात, जसे गिझरच्या कॉइलवर बसतात. मीठ अ‍ॅल्युमिनियमला बारीक बारीक भोकं पाडतं. शाळेत एका पालकांना हे सांगत होते, एकदऱ्याचे आहेत, मासेमारीची बोट आहे. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या बोटीच्या इंजिनात पण गोडं पाणी आत फिरतं, खारं पाणी बाहेरून त्याला थंड करतं. खारं सरळ इंजिनात सोडलं तर इंजिन किती दिवस टिकेल?" चारी बाजूंनी समुद्र असताना ते घरून गोडं पाणी नेतात. मी दारात गाडी उभी करून तिच्यात मचूळ पाणी ओतत होते.

मग पाणी कुठलं? एक तर तयार मिसळलेलं कूलंट घ्यायचं, ज्याच्या डब्यावर रेडी टू यूज असं लिहिलेलं असतं. त्यात पाणी घालायचंच नाही. किंवा कॉन्सन्ट्रेट घेतलं तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्यायचं, बॅटरीत घालतात ते. मॅन्युअलमध्ये जे प्रमाण असेल तेच. "जास्त घातलं तर जास्त थंड" असं काही नाही. नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहून नेतं. पेट्रोल पंपावर कुणी कॉन्सन्ट्रेट तसंच ओतून देत असेल तर थांबवा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी घरातच ऐकला. अम्मी म्हणाल्या, "माझ्या बाबांनी तीस वर्षं नळाच्या पाण्यावर गाडी चालवली." खरं आहे. पण त्या काळच्या गाडीचं इंजिन बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, आतल्या वाटा रुंद. ते गंज सहन करायचे. शिवाय बाबा दर प्रवासात थांबायचे, पाणी बघायचे, रेडिएटर सोडून धुवायचे. त्या गाडीला मालकाचं लक्ष हेच कूलंट होतं. आजच्या गाडीत सगळं अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिक, वाटा बारीक, आणि आपण बॉनेट उघडतच नाही. आपण बाबांचं पाणी घेतलं, त्यांची सवय मात्र घेतली नाही.

दुसरी एक देशी युक्ती आहे, तिच्याबद्दलही बोलायला हवं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं. माझ्या गाडीचाही कुणीतरी काढलेला निघाला. थर्मोस्टॅट हा छोटा झडपेचा भाग. इंजिन ८२ ते ९० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंडच राहतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. आणि खरा रोग, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा गळका पंप, तसाच राहतो. पायात काटा आहे म्हणून चप्पल फेकून देण्यातला प्रकार.

कूलंट बरोबर असूनही गाडी तापू शकते, हेही सांगते. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने रेडिएटरची पातळ पाती सडतात, पंख्याच्या वायरिंगचे जोड हिरवे पडतात, वाळू आणि पावसाळ्यातला चिखल फटींत बसतो. म्हणून सगळं खापर डब्यावर फोडता येणार नाही. पण डबा निवडणं आपल्या हातात आहे.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितलीच नव्हती. इथिलीन ग्लायकॉल विष आहे आणि चवीला गोड आहे. मोठ्या माणसालाही शंभरेक मिलीलिटर जिवावर बेतू शकतं, लहान मुलाला, कुत्र्या-मांजरांना त्याहून फारच कमी. शरीरात गेल्यावर त्याचे खडे होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. गाडीतलं जुनं कूलंट त्या पोऱ्याने एका उघड्या डब्यात काढून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. मासळीचं गाव, दारात चार मांजरी. मी वाचून झाल्यावर धावत जाऊन डबा झाकला. अम्मींना सांगितलं की याने किडनी जाते. त्या बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे दारात ठेवायचंच नाही. आजच्या आज गॅरेजवाल्याला परत दे." दिलं. गटारात ओतू नका, विहिरीजवळ तर नकोच. डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवण्याची आपली जी सवय आहे ती आजच सोडा.

आता माझं म्हणणं.

दुकानदाराच्या त्या वाक्याचा मला राग नाही. पण ते वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. रंग बघून वस्तू ठरवणं सोपं असतं, वाचावं लागत नाही. रंग बघून माणूस ठरवणंही तसंच. दुकानदाराने माझा रंग ठरवला आणि मी त्याच रंगाचा डबा मुकाट्याने उचलला. दोघांनीही आतलं वाचलं नाही. त्याची जी चूक होती तिच्यात निम्मा वाटा माझा होता. "दादा, माझ्या गाडीला कोणतं लागतं ते बघून द्या," एवढं एक वाक्य मी बोलले असते तर तो विनोदही तिथेच संपला असता आणि त्या शनिवारी अम्मींना चार तास मिळाले असते.

दुसरं म्हणणं भाषेबद्दल आहे, कारण तो माझा धंदा आहे. त्या डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत सगळं होतं. कोणत्या घराण्याचं, पाणी किती, विष आहे, मुलांपासून दूर ठेवा. मराठीत एक ओळ नाही, उर्दूचा तर प्रश्नच नाही. आमच्या भागात टेम्पो, मिनिडोर, टुरिस्ट गाड्या चालवणारी माणसं मराठी वाचतात, आमच्या मोहल्ल्यातली काही उर्दू वाचतात. त्यांच्या पोटाचा आधार असलेल्या इंजिनाबद्दलची माहिती त्यांना न येणाऱ्या भाषेत आहे, मग ते रंगावर जाणार नाहीत तर काय करतील? माझी साधी मागणी आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या बॉनेटच्या आत, टाकीशेजारी, मराठीत एक स्टिकर असावा: कोणतं कूलंट, किती पाणी, कधी बदलायचं, झाकण गरम असताना उघडू नका. आणि डब्यावर विषाची सूचना मराठीत असावी. याला फार खर्च येत नाही.

तिसरं म्हणणं माझ्यासारख्या बायकांशी. गाडी आपण चालवतो, पण बॉनेट उघडणं हे अजून "त्यांचं" काम आहे. ते दोह्याला आहेत, कुवेतला आहेत, जहाजावर आहेत. गॅरेजमध्ये गेलं की "साहेबांना फोन लावा" म्हणतात आणि आपण खरंच लावतो. दोन हजार किलोमीटरवरून साहेब रंग सांगतात. हे आता बंद करू या. प्रेशर कुकरची शिट्टी आणि रबर ज्या बाईला कळतं तिला रेडिएटरचं झाकण कळायला पाच मिनिटं पुरतात. दोन्हीत तत्त्व एकच आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी नववीच्या मराठीच्या तासाला तो रिकामा डबा, नीट धुऊन, घेऊन गेले. उपयोजित लेखनात आपण मुलांना सूचनाफलक, जाहिरात लिहायला लावतो. मी म्हटलं, हे लेबल मराठीत लिहा, असं की तुमच्या अब्बांना, चाचांना वाचून कळेल. तासभर वर्ग डब्यावर तुटून पडला होता. "कोरोजन" ला कुणी "गंज" लिहिलं, कुणी "झंग". "डायल्यूट" साठी एकीने लिहिलं "पातळ करा, जशी ताक करताना". एका मुलाचे वडील तीनचाकी टेम्पो चालवतात. त्याने विचारलं, "मॅडम, अब्बांच्या गाडीला रेडिएटरच नाही, मग?" प्रश्न बरोबर होता. पुष्कळ तीनचाकी आणि स्कूटरची इंजिनं हवेने थंड होतात, त्यांना कूलंट लागतच नाही. पण त्यांच्या पात्यांवरचा चिखल काढावा लागतो. तो म्हणाला, "तो मी काढीन." त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं उत्तर तेच.

जे वाचून सोडून देणार नाहीत त्यांच्यासाठी कामाचं तेवढं पुन्हा सांगते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. टाकीवरच्या कमाल आणि किमान या दोन रेघांच्या मध्ये पातळी आहे का बघा. आतलं पाणी स्वच्छ आहे की तांबूस, तेही बघा. मॅन्युअलमध्ये कूलंटचं जे नाव किंवा जो दर्जा लिहिलाय तो एका कागदावर उतरवून बॉनेटच्या आत चिकटवा. मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतं. दुकानात रंग मागू नका, तो कागद दाखवा. डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी मानकाचा आकडा आहे का पाहा. नुसता "कूलंट" लिहिलेला, आकडा नसलेला स्वस्त डबा म्हणजे कधीकधी रंगीत पाणीच. मात्र आकडा असला तरी मॅन्युअलशी जुळवणं चुकवू नका. आत आधी काय आहे ते माहीत नसेल तर वर भरू नका. सगळं काढून, धुऊन, एकच एक भरून घ्या आणि आतली हवा नीट काढून घ्या. आणि लाल दिवा लागला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. किमान अर्धा तास, आणि हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला हात नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही.

आमच्या गाडीत आता मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच कूलंट आहे. त्याचा रंग कोणता हे मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही तोच घ्यायला जाल.

परवाच्या शनिवारी निघताना अम्मी दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं." तरी त्या गाडीच्या पुढे येऊन थांबल्या. मी पुन्हा बॉनेट उघडलं, पातळी दाखवली, तेव्हा कुठे त्या आत बसल्या. वेळेवर पोचलो. चार तास पूर्ण झाले.